एकशे बारा वांगी आणि नेतृत्वाची एक जागा

पिंप्राळा, जळगाव
मंगळवार, २७ जानेवारी

तीर्थरूप लीलाधर दाजी यांना धाकटा मेव्हणा नवल याचा, पोट आडवं येईल तिथपर्यंत वाकून, नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन झालं त्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते की सहा आठवड्यांत दाजी जिना चढतील. आता सहा महिने झाले आणि तुम्ही अजून देवपूरच्या घरात खालच्याच खोलीत मुक्काम ठोकून आहात, असं भाच्याकडून कळलं. (वरच्या मजल्यावर टीव्ही नाही, हे कारण असावं असा माझा संशय आहे. संशय घेणं हा माझा धंदाच, राग मानू नये.) अक्काची तब्येत ठीक असेल. धुळ्याला थंडी फार आहे म्हणे, तेव्हा सकाळी ओट्यावर बसण्याचा हट्ट सोडावा. आमच्याकडे सर्व क्षेम. हेमांगी बरी आहे, तिचं माझ्याबद्दलचं मतही होतं तसंच आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन केला की तुम्ही ‘हं, बरं, ठेव’ या तीन शब्दांत माझी सगळी हकीकत निकालात काढता. मला अठ्ठावीस वर्षं पंचनामे लिहायची सवय; घटनास्थळाच्या चारी दिशा लिहिल्याशिवाय मला घटनेकडे येताच येत नाही. तेव्हा उशी पाठीला लावून निवांत बसून घ्या.

तर, दिवाळीनंतर आमच्याकडे एक परिपत्रक आलं. ‘प्रगत पोलीस नेतृत्व प्रशिक्षण.’ दहा आठवडे, निवासी, मोठ्या अकादमीत. जिल्ह्यातून जागा एक, अक्षरी एक. वयाची बावन्न वर्षं पूर्ण झालेली नसावीत. मला जूनमध्ये होतात, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. (हे केवळ माहितीसाठी लिहितोय. मला काडीची हौस नाही.) पण साहेब म्हणाले, ‘नवल, अर्ज भर,’ आणि साहेबांचा शब्द मोडायचा कसा? शिवाय जो हे प्रशिक्षण करून येतो त्याला स्वतंत्र ठाणं मिळतं असं बोललं जातं. मी बारा वर्षं दुय्यम अधिकारी आहे. इतक्या वर्षांत माझी खुर्ची कायम दुसऱ्या कुणाच्या तरी खुर्चीच्या डाव्या अंगाला राहिली, पंख्याचा वारा पोचत नाही तिथे. त्याचं मला काही नाही, माणसाला सवय होते.

अर्ज सतरा पानांचा. घरफोडीतला आरोपी हुडकून, त्याच्याकडून माल काढून, त्याला कोर्टात उभा करायलासुद्धा मला इतके कागद लागत नाहीत. आणि अटी काय एकेक! पदवी हवी; ती आहे, भिंतीवर आहे, तिच्यामागे पालीनं घर केलंय. संगणक हाताळता यायला हवा. येतो, म्हणजे बंद करून परत चालू करता येतो, आणि आमच्या ठाण्यातल्या संगणकाला त्याहून जास्त काही लागतही नाही. मग ‘माझी नेतृत्वविषयक भूमिका’ या विषयावर हजार शब्दांचा निबंध. दाजी, हजार शब्दांत मी एक खून, त्याचं कारण, मृताची शेवटची हालचाल आणि तीन साक्षीदार बसवतो. यांना भूमिका हवी! पुढे प्रश्नावली. ‘तुमच्या हाताखालचा कर्मचारी चुकल्यास तुम्ही (अ) त्याचं म्हणणं ऐकून घेता, (आ) त्याला समजावून सांगता, (इ) एकत्र बसून मार्ग काढता.’ आपण सगळे जे करतो तो पर्याय छापायचा राहून गेला होता. मी ‘इ’वर खूण केली, कारण ‘बसून’ हा एकच शब्द मला त्यात ओळखीचा वाटला.

त्यानंतर शिफारसपत्रं, दोन, ‘प्रतिष्ठित नागरिकांची’. नातेवाईक नको आणि गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेला नको. आता हे कागद काढणाऱ्याला पोलीस म्हणजे काय हे कुणी सांगावं? मला जळगावात ओळखणारी माणसं दोनच प्रकारची, एक नातेवाईक आणि दुसरी ज्यांच्यावर मी गुन्हे दाखल केलेत ती. (दोन-तीन जण दोन्हींत मोडतात, त्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत.) शेवटी गल्लीतले दंतवैद्य आणि पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ असे दोघे गाठले. पोस्टवाल्यांनी लिहिलं की अर्जदारास आलेली सर्व पत्रं अर्जदाराने वेळेवर स्वीकारली. दंतवैद्यांनी लिहिलं की अर्जदारात वेदना सहन करण्याची शक्ती सर्वसाधारण माणसाहून अधिक आहे. दोन्ही पत्रं जोडली, दुसरं काय करणार?

या सगळ्यात माझ्यासमोर उभा कोण, तर मोतीलाल. माझ्याच तुकडीतला, माझ्या लग्नात तुमच्याकडून सुपारी मागून मागून खाणारा तो. त्याने दोन वर्षांपूर्वी पाच दिवसांचं छोटं नेतृत्व प्रशिक्षण केलं आणि तेव्हापासून तो माणसांत राहिला नाही. त्याच्या ठाण्यात खुर्च्या गोल मांडतात. सकाळच्या हजेरीला हवालदारांना विचारतो, ‘आज तुम्हाला आतून कसं वाटतंय?’ एका बिचाऱ्याला तीस वर्षांच्या नोकरीत हे कुणी विचारलं नव्हतं. त्याने सांगायला सुरुवात केली ती सासूपासून. पाऊण तास गेला. बाहेर मोटारसायकल चोरीला गेलेला एक माणूस ताटकळून शेवटी स्वतःच शोधायला निघून गेला, आणि त्याला ती सापडलीसुद्धा. मोतीलालने हा गुन्हा ‘लोकसहभागातून उघडकीस’ असा अहवालात घातला. असा माणूस त्या एका जागेवर जाणार आणि परत येऊन कदाचित आपल्यालाच ‘आतून कसं वाटतंय’ विचारणार, ही कल्पनाच मला झोपू देत नाही. म्हणून मी अर्ज भरला, नाहीतर मला काय करायचंय?

शारीरिक चाचणी धुळ्याला झाली. (हो, मी धुळ्यात येऊन तुमच्याकडे न येता परत गेलो. का ते पुढे कळेलच.) सोळाशे मीटर, साडेदहा मिनिटांत. बावन्नाव्या वर्षी साडेदहा मिनिटांत सोळाशे मीटर पळून माणूस कुणाचं नेतृत्व करणार हे मला कळलेलं नाही, कारण जो पुढे पळतो त्याच्या मागे आमच्या खात्यात कुणी येत नाही. त्या मैदानावर भरतीची तयारी करणाऱ्या पंधरा-वीस मुली सराव करत होत्या. मोतीलाल पुढे हरणासारखा. मी दुसऱ्या फेरीतच हरिनामाला लागलो. त्या मुलींना काय वाटलं कुणास ठाऊक, त्या माझ्या दोन्ही बाजूंनी पळायला लागल्या आणि ओरडायला लागल्या, ‘बाबा, पया! थोडंसंच ऱ्हायनं शे!’ थोडंसं म्हणजे नऊशे मीटर होतं. पण दाजी, त्या बठ्ठ्या, अगदी सगळ्या पोरी शेवटपर्यंत माझ्यासोबत आल्या, एकीनंही मला मागे टाकलं नाही. दहा मिनिटं बावीस सेकंद. रेघेच्या पलीकडे मी आडवा झालो तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मोतीलाल बाजूला एका पायावर उभा राहून स्नायू मोकळे करत होता. तुमच्याकडे यायला रिक्षा केली होती, पण तुमच्या ओट्याच्या तीन पायऱ्या आठवल्या आणि रिक्षा स्टँडकडे वळवायला सांगितली.

इतकं होऊन उरला एक कागद. ‘अर्जदाराविरुद्ध कोणतीही विभागीय चौकशी अथवा खुलासा प्रलंबित नसल्याचं प्रमाणपत्र.’ ते वरच्या कार्यालयातून मिळतं. (कुठलं ते लिहीत नाही, कागद कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.) तिथे झुलाल नावाचे वरिष्ठ लिपिक आहेत. या माणसाच्या टेबलावर कागद जातो तेव्हा तो कागद असतो, आणि बाहेर येतो तेव्हा प्रकरण झालेलं असतं. त्यांनी माझी सेवापुस्तिका उघडली, बोटाला थुंकी लावून मागे मागे गेले आणि एका पानावर थांबले. म्हणाले, ‘तुमची वांगी बाकी आहेत.’

तुम्हाला तर हे प्रकरण तोंडपाठ आहे. अकरा वर्षांत एकही लग्न, साखरपुडा, बारसं असं गेलं नाही जिथे तुम्ही ते रंगवून सांगितलं नाही. पण तुम्ही सांगता ते फिर्यादीचं म्हणणं झालं. एकदा पोलिसांचं म्हणणंही ऐका. पौष महिना, कडाक्याची थंडी. तुमच्या यावलकडच्या शेतातून रात्रीत दोन गोण्या भरताची वांगी गेली. तुम्ही सकाळी नऊला ठाण्यात आलात आणि मेव्हणा दुय्यम अधिकारी असूनही रीतसर फिर्याद दिलीत, हे तुमच्या स्वभावाला धरूनच झालं. अकरा वाजता आम्ही चोर पकडला. (स्टँडवर, गोणीवर बसून बिडी ओढत होता, तेव्हा मोठा तपास केला असं मी म्हणणार नाही.) पंचनामा झाला. भरताची वांगी, रंग हिरवा, अंगावर पांढऱ्या रेघा, देठासह, ताजी, नग एकशे बारा. मुद्देमाल म्हणून जप्त. मुद्देमाल परत द्यायचा तर कोर्टाचा आदेश हवा, आणि कोर्टाला लागून तीन दिवस सुट्टी. वांगी व्हरांड्यात.

पहिल्या दिवशी जो तो गोण्यांना वळसा घालून गेला. दुसऱ्या दिवशी येणारा-जाणारा गोणीपाशी रेंगाळायला लागला. तिसऱ्या दिवशी मुद्देमाल सांभाळणारा हवालदार वना माझ्याकडे आला आणि म्हणाला की साहेब, उद्यापर्यंत मुद्देमाल मऊ पडेल. दाजी, मला खरं सांगा. हेच प्रकरण दुसऱ्या कुठल्या मुलखात घडतं तर तिथल्या अधिकाऱ्याने वांगी सडू दिली असती आणि सडल्याचा पंचनामा करून वर बढती घेतली असती. पण खानदेशातल्या माणसांसमोर, पौषात, एकशे बारा हिरवी वांगी मऊ पडत चालली आहेत आणि ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग आहे, अशा वेळी कायद्याचं पुस्तक कोण उघडणार? मी तोंडी आदेश दिला. वांगी भाजली, लाकडी भांड्यात मुसळीने ठेचली, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. ठाण्यातले अठ्ठावीस, शेजारच्या चौकीतले सहा आणि एक बाहेरचे प्रतिष्ठित पाहुणे (नाव लिहीत नाही) असे पस्तीस जण जेवले. असं भरीत त्यानंतर माझ्या तोंडाला लागलं नाही, आणि त्या पंगतीचा मला आजही पश्चात्ताप होत नाही.

महिन्याभराने चोराने गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि कोर्टाने आदेश दिला की मुद्देमाल मूळ मालकास परत करावा. मी तुमच्याकडे पावती घेऊन आलो, की एवढी सही करा. तुम्ही चारचौघांत म्हणालात, ‘आधी वांगे दे, मग सही घे.’ लोक हसले, मीही हसलो आणि कागद परत आणला. पुढे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने रजिस्टरातला तो रिकामा रकाना पाहून शेरा मारला. मी खुलासा दिला की निकडीच्या प्रसंगी नाशवंत मालाची योग्य विल्हेवाट लावण्यात आली. तो खुलासा मान्यही झाला नाही आणि अमान्यही झाला नाही, नुसता राहिला. माणसं मेली, बदल्या झाल्या, मी दोनदा चष्मा बदलला, पण माझा खुलासा फाइलीत जसाच्या तसा.

झुलाल म्हणाले, दोन मार्ग. एक तर फिर्यादीची पावती आणा, नाहीतर मुद्देमाल हजर करा. आता तुमच्याकडून सही मिळवण्यापेक्षा एकशे बारा वांगी मिळवणं सोपं, असा मी विचार केला. (यात तुमचा अपमान नाही, अनुभव आहे.) मागच्या बुधवारी पहाटे बाजारात जाऊन मोजून एकशे बारा हिरवी, रेघांची, देठासह वांगी घेतली, दोन गोण्या भरल्या आणि गणवेशात, रिक्षातून, त्या कार्यालयात हजर केल्या. झुलाल यांनी जुना पंचनामा काढला आणि एकेक वांगं हातात घेऊन ताडून पाहिलं. सगळं जुळलं. मग त्यांनी चष्मा वर केला. ‘अकरा वर्षांनीसुद्धा ताजी कशी?’ मी म्हटलं, आमच्या ठाण्यात मुद्देमाल नीट ठेवतात. त्यांनी ‘वरिष्ठांचं मत घ्यावं लागेल’ असं लिहिलं, गोण्या तात्पुरत्या जमा करून घेतल्या आणि मला पोचपावती दिली. मी आनंदानं घरी येऊन हेमांगीला म्हटलं, बॅग काढ.

शुक्रवारी दुपारी त्या कार्यालयातून फोन आला, की येऊन जा. पुढे शनिवार, रविवार आणि सव्वीस जानेवारी, अशी सलग तीन दिवस सुट्टी, आणि माल नाशवंत. मला तेव्हाच कळायला हवं होतं. धावत गेलो. कार्यालयाच्या मागच्या अंगाला पऱ्हाट्यांची राख अजून कोमट होती आणि झुलाल टूथपिकने दात कोरत होते. बठ्ठी वांगी खाल्ली, दाजी! एक ठेवलं नाही! आणि मला बोलावलंसुद्धा नाही! वर त्यांनी टिपणी तयार ठेवली होती, ‘निकडीच्या प्रसंगी नाशवंत मालाची योग्य विल्हेवाट लावण्यात आली’, खाली आधार म्हणून माझ्याच अकरा वर्षांपूर्वीच्या खुलाशाचा जावक क्रमांक. म्हणजे आता माझ्या नावावर दोनशे चोवीस वांगी झाली. मी विचारलं, यातून वाट काय? झुलाल म्हणाले, पहिली पावती आली की दुसरी वांगी आपोआप तुमची खाजगी भाजी ठरते, तिच्याशी कार्यालयाचा संबंध नाही. आणि पावती मिळत नसेल तर त्या वेळच्या मुद्देमाल हवालदाराचा जबाब चालेल, की माल त्याच्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाला. त्यांनी मसुदाही टाइप करून दिला. भरीत खाऊन माणसं फार उदार होतात.

रविवारी मी तो मसुदा घेऊन मुक्ताईनगरला गेलो. वना मागच्या वर्षी निवृत्त झाला, तिथे मुलाजवळ असतो. अंगणात तूर झोडत होता. मला पाहून घरात जाऊन टोपी घालून आला आणि सलाम ठोकला. चहा झाला. मी हळूच कागद काढला. त्याने तो वाचलाच नाही. खिशाला हात लावला, पेन नव्हतं, माझ्याकडे हात पुढे केला आणि म्हणाला, ‘साहेब, सही कुठी करू तेवढं सांगा.’ निवृत्तीला वर्षच झालंय, असल्या जबाबाने पेन्शनला हात लागू शकतो, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक. तरी हात पुढेच. दाजी, मला लाज वाटली. आदेश माझा, ताटात दोनदा वाढून घेतलं ते मी, आणि तो माणूस पेन मागतोय. मी कागदाची घडी केली आणि म्हटलं, सही नको रे, मुक्ताईच्या दर्शनाला आलो होतो, म्हटलं तुला भेटून जावं. मग खोटं पडू नये म्हणून दर्शनालाही गेलो. मसुदा येताना एसटीच्या खिडकीतून फाडून टाकला. (रस्त्यावर कचरा टाकल्याबद्दल स्वतःला मनातल्या मनात समज दिली.)

असं सगळं आहे. अर्जाची मुदत शुक्रवार, तीस तारीख, संध्याकाळी पाच. तो कागद काही मिळत नाही. जागा मोतीलालला जाईल, तो दहा आठवड्यांनी येईल आणि जिल्ह्यातल्या सगळ्या खुर्च्या गोल होतील. होऊ देत. ज्या प्रशिक्षणाला पोलिसाची पारख करताना त्याने चोर पकडला का हे सतरा पानांत एकदाही विचारावंसं वाटत नाही, तिथे जाऊन मी काय दिवे लावणार होतो? नेतृत्व म्हणे! मला निवृत्तीला सहा वर्षं आहेत, डाव्या अंगाची खुर्ची आहे, उन्हाळ्यात पुठ्ठ्याने वारा घेता येतो. तुम्ही काळजी करू नये. अक्काला नमस्कार, भाच्याला आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुमचा आज्ञाधारक,
नवल

ता. क. सोबत एक छापील कागद जोडला आहे. सहज जोडला. ‘मी, फिर्यादी, माझा मुद्देमाल, वांगी नग एकशे बारा, मला मिळाला’ एवढंच आहे, आणि खाली सहीची जागा पेन्सिलीने दाखवली आहे. पत्र घेऊन येणारा कंडक्टर माझ्या ओळखीचा आहे. भाच्याला फोन करून ठेवलाय, तो उद्या सकाळी धुळे स्टँडवर त्याच्याकडून पत्र घेईल; त्यानेच दुपारी तीनच्या परतीच्या गाडीला सही केलेला कागद कंडक्टरकडे द्यावा. वर मी हौस नाही असं लिहिलं, ते खोटं आहे. मला जायचंय, दाजी. फार जायचंय. दिवाळीपासून रोज सकाळी गल्लीतून पळतोय, लोक विचारतात नवलभाऊ, कुणाच्या मागे? निबंध सात वेळा लिहिला. एकदा तरी मला माझ्या नावाच्या पाटीमागे, मधोमध ठेवलेल्या खुर्चीवर बसायचंय.

ता. क. दुसरा. तुम्ही म्हणाल, खोट्या कागदावर सही कशी करू? त्यासाठी पाकिटात दुसऱ्या एका कागदाची नक्कलही आहे. तुमची सही आली नाही तर गुरुवारी मी मूळ कागद दाखल करणार. त्यात मी सगळं कबूल केलंय की आदेश माझा, वनाचा संबंध नाही. जागा जाईल, शेराही बसेल, बसू दे. पण कबुलीजबाब म्हटला की पूर्ण लिहावा लागतो, म्हणून जेवणाऱ्या पस्तीस जणांची यादी जोडली आहे. पहिलं नाव पाहून घ्या. त्या दिवशी चौकशीला म्हणून आलात, धूर पाहिलात, ‘मीठ जरा कमी आहे’ म्हणत तीन वेळा वाढून घेतलंत आणि तोंड धुऊन घरी गेलात. मुद्देमाल फिर्यादीला मिळाला नाही असं कोण म्हणतो? पावतीत माल कच्चा मिळाला की शिजवलेला, असा रकानाच नाही. म्हणजे कागद खरा आहे.

ता. क. तिसरा. अक्का, हे तुला. मोतीबिंदूचे थेंब चालू असल्याने दाजींना सगळं तूच वाचून दाखवतेस, हे भाच्याने मला सांगितलंय. अकरा भाऊबिजा तू ओवाळून झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘बहिणीची वांगी खाणारा भाऊ,’ आणि अकरा वेळा मी खाली मान घालून ताटात ओवाळणी टाकली, पण पहिल्या पानावर कोण बसलं होतं ते बोललो नाही. आता तुला कळलंय. दाजींना काय बोलायचं ते शुक्रवारनंतर बोल. आत्ता त्यांना पेन दे, आणि पेन्सिलीची खूण कुठे आहे ती दाखव.